कै. नेव्हिल डिसूझा

आपला संघ ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये पदकाच्या उंबरठ्यापर्यंत पोचला होता, हे आज कित्येकांस खरेही वाटणार नाही. १९३२ साली जन्मलेले गोमंतकीय नेव्हिल डिसूझा मुंबईस टाटा स्पोर्ट्स क्लबतर्फे आघाडीस खेळत. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबोर्न येथे त्यांनी ऑस्ट्रेलियावर एकट्याने तीन गोल चढविले. यजमान ४-२ असे हरले! उपांत्य सामन्यात बलाढ्य युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यांचाच. अंतिम सामना जणू हाताशी आला होता. पण प्रतिपक्षाने लागोपाठ चार गोल केले. पुढे बल्गेरियाने कांस्यपदकही हिरावले. स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे चार गोल करणाऱ्या तिघांत नेव्हिल होते. तरी ते रिक्तहस्तेच परतले. १९८० साली, पन्नाशीपूर्वीच, ते निवर्तले.