स्फोट न होणारा दिवा बनवला, पेटंटही घेतलं नाही, तरी हम्फ्री डेव्हीच्या मागचा वाद सुटला नाही

तारीख २५ मे १८१२. इंग्लंडच्या ईशान्येला, न्यूकॅसलजवळच्या फेलिंग गावात कोळशाच्या खाणीत स्फोट झाला. ९२ जण गेले. त्यात लहान पोरंही होती.

कारण नवीन नव्हतं. कोळशाच्या थरांतून मिथेन वायू झिरपतो. खाणकामगार त्याला फायरडॅम्प म्हणायचे. आत मिट्ट काळोख, म्हणजे मेणबत्ती हवीच. आणि उघडी ज्योत वायूला भिडली की खेळ खलास.

यावर तोडगा शोधायला लोक ज्याच्याकडे गेले तो हम्फ्री डेव्ही तेव्हा इंग्लंडच्या विज्ञानातला सुपरस्टार होता.

कॉर्नवॉलमधल्या पेन्झन्स गावात १७७८ साली जन्म. वडील लाकडावर कोरीवकाम करायचे, ते लवकर वारले. मग पोरगं एका सर्जनच्या हाताखाली उमेदवारी करू लागलं. पुढे ब्रिस्टलमध्ये त्याने लाफिंग गॅस स्वतःच हुंगून बघितला. ऑपरेशनच्या वेळी या वायूचा उपयोग होईल, असंही त्याने १८०० साली लिहून ठेवलं होतं. डॉक्टरांनी ते मनावर घ्यायला चाळीसेक वर्षं लावली!

१८०१ मध्ये तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आला. त्याच्या व्याख्यानांना तुफान गर्दी व्हायची. १८०७ मध्ये विजेच्या मदतीने त्याने पोटॅशियम आणि सोडियम वेगळे काढले. १८१२ मध्ये 'सर' झाला. १८१३ मध्ये बुकबाइंडिंग शिकलेल्या एका तरुणाला त्याने मदतनीस म्हणून घेतलं. त्या तरुणाचं नाव मायकेल फॅरेडे.

१८१५ मध्ये युरोप फिरून परतल्यावर डेव्हीला ईशान्येकडून बोलावणं आलं. त्याने खाणी पाहिल्या, कामगारांशी बोलला आणि तिथला वायू बाटल्यांत भरून लंडनला मागवला. काही आठवड्यांत उत्तर सापडलं, तेही कमालीचं साधं. ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसवायची. वायू जाळीतून आत शिरतो, आत जळतोही. पण जाळीचा धातू उष्णता शोषून पसरवतो, त्यामुळे ज्योत बाहेर पडू शकत नाही. वर एक बोनस होता. हवेत मिथेन असेल तर ज्योतीवर निळसर टोपी दिसायची. म्हणजे दिवाच धोक्याची सूचना द्यायचा.

जानेवारी १८१६ मध्ये हेबर्नच्या खाणीत दिव्याची चाचणी झाली. डेव्हीने पेटंट घेतलं नाही. घेतलं असतं तर गडगंज पैसा मिळाला असता.

पण इथेच एक भानगड झाली. किलिंगवर्थच्या खाणीतला जॉर्ज स्टीफन्सन नावाचा मेकॅनिक त्याच सुमारास स्वतःचा दिवा घेऊन वायू सुटणाऱ्या जागी उतरला होता. हा तोच, पुढे रेल्वेमुळे जगभर गाजलेला. त्याच्या दिव्यात हवा बारीक नळ्यांतून आत यायची. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत लिहिता-वाचता न येणारा माणूस हे स्वतःच्या डोक्याने करू शकतो, हे डेव्हीला पटलंच नाही. त्याने चोरीचा आरोप केला. एवढ्या मोठ्या माणसाला हे शोभणारं नव्हतं. ईशान्येकडच्या लोकांनी वर्गणी काढून स्टीफन्सनला १,००० पौंड दिले.

आणि जीव वाचले का? डरहॅम आणि नॉर्थम्बरलँडच्या खाणींत, दिवा येण्याआधीच्या १८ वर्षांत ४४७ जण दगावले होते. नंतरच्या १८ वर्षांत ५३८. दिवा आहे म्हटल्यावर मालकांनी वायूमुळे बंद ठेवलेले भाग पुन्हा उघडले, माणसं आणखी खोल पाठवली. कोळसाही जास्त निघू लागला. शिवाय जाळी गंजायची, फाटायची. हवेचा झोत जोरात असेल तर ज्योत जाळीबाहेर यायची. उजेड इतका मंद की वैतागून काही कामगार जाळीच काढून ठेवायचे.

डेव्ही १८२० मध्ये रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. पुढे त्याला पक्षाघात झाला आणि २९ मे १८२९ रोजी जिनिव्हात, अवघ्या पन्नाशीत तो गेला.

दिव्याबद्दल खाणमालकांनी त्याला चांदीच्या भांड्यांचा सेट भेट दिला होता. त्याच्या इच्छेनुसार पुढे ती भांडी वितळवली गेली आणि त्या पैशांतून रॉयल सोसायटीचं डेव्ही मेडल सुरू झालं. १८७७ पासून रसायनशास्त्रातल्या कामासाठी ते दिलं जातं.