पाण्याची चाल ओळखणारा लिओनार्दो

मुलांनो, शेळगाव परिसरातील शेतीला नीरा डाव्या कालव्याचे पाणी मिळते. वरून पाहिले तर कालव्याचे पाणी सगळीकडे सारखेच वाटते. मग ते कोठे वेगाने जाते, कोठे रेंगाळते, हे कसे ओळखावे? पाण्यात एखादे वाळलेले पान पडले, की ते लगेच कळते. पान जसे जाते, तसे पाणी जाते. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी इटली देशातील एका माणसाने या साध्या गोष्टीचा मोठ्या चिकाटीने अभ्यास केला. त्याचे नाव लिओनार्दो दा विंची.

लिओनार्दोचा जन्म १५ एप्रिल १४५२ रोजी झाला. त्याला शालेय शिक्षण फारसे मिळाले नाही. फ्लॉरेन्स शहरात तो चित्रकला शिकला. पुढे 'मोनालिसा' या चित्रामुळे त्याचे नाव जगभर झाले. पण त्याला पाण्याचेही वेड होते.

नदीचा वेग मोजण्यासाठी त्याने पाण्यात उभी तरंगणारी काठी वापरण्याची रीत सांगितली. पाणी तळाशी हळू वाहते, हे त्याने ओळखले होते. ही गोष्ट शेतकऱ्याच्याही कामाची आहे. केवळ वर तरंगणाऱ्या पानाचा वेग धरला, तर हिशेबात पाणी जास्त भरते. मग प्रत्यक्षात ते कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेताला पुरत नाही.

म्हातारपणी लिओनार्दोने हृदयाचा अभ्यास केला. हृदयातून निघणाऱ्या रक्तवाहिनीचा काचेचा नमुना करावा, त्यातून पाणी व गवताचे बी सोडावे आणि बियांची हालचाल पाहावी, असे त्याने लिहून ठेवले. तेथील भोवऱ्यांमुळे हृदयाची झडप मिटायला मदत होते, असे त्याचे मत होते. विसाव्या शतकातील प्रयोगांनी या मताला दुजोरा दिला.

लिओनार्दो तुमच्या उर्दूप्रमाणे उजवीकडून डावीकडे लिहीत असे; पण त्याची अक्षरे आरशात दिसतात तशी उलटी असत. अशी हजारो पाने त्याने लिहिली. मात्र त्याच्या हयातीत ती छापली गेली नाहीत. २ मे १५१९ रोजी फ्रान्समध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याचे बरेचसे ज्ञान शेकडो वर्षे लोकांपर्यंत पोहोचलेच नाही.

आज शास्त्रज्ञ पाण्यात अगदी बारीक कण सोडतात. त्यांवर लेसरचा प्रकाश टाकून भराभर छायाचित्रे घेतात आणि प्रवाहाचा वेग काढतात. बियांच्या जागी कण आले, डोळ्यांच्या जागी कॅमेरा आला. युक्ती मात्र तीच राहिली.

मुलांनो, तुम्हीही नीट पाहा, पाहिलेले वहीत लिहा आणि ते इतरांना जरूर सांगा. वहीत बंद राहिलेले ज्ञान कोणाच्या उपयोगी पडणार?