विलीनीकरणाचा कौल हरले, तरी ७१ दिवसांत गोव्याने पुन्हा भाऊसाहेब बांदोडकरांनाच निवडलं

१६ जानेवारी १९६७. गोव्याच्या मतपत्रिकेवर फक्त दोन चिन्हं होती, फूल आणि दोन पानं.

फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण. दोन पानं म्हणजे गोवा वेगळा केंद्रशासित प्रदेश. फुलाच्या बाजूचे सगळ्यात मोठे नेते होते दयानंद बांदोडकर, म्हणजेच गोव्याचे भाऊसाहेब.

१२ मार्च १९११ ला पेडण्यात जन्मलेले भाऊसाहेब खाण व्यवसायात मोठे झाले. कमावलेल्या पैशातून त्यांनी सढळ हाताने मदत केली, त्यामुळे बहुजन समाजाला ते आपले वाटायचे. गोवा मुक्त झाल्यावर १९६३ ला पहिली निवडणूक झाली. त्यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजे मगो, सत्तेवर आला आणि भाऊसाहेब पहिले मुख्यमंत्री झाले.

मगोला विलीनीकरण हवं होतं. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्सचा त्याला विरोध होता. एवढा मोठा निर्णय विधानसभेने नाही, तर जनतेने घ्यावा असं ठरलं. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून भाऊसाहेबांनी राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट लागली.

निकाल लागला. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मतं. भाऊसाहेब ३४,०२१ मतांनी हरले.

आता पुढे काय? सरकार नव्हतं. ज्या पक्षाच्या नावातच महाराष्ट्र होता, त्याचं मुख्य ध्येयच लोकांनी नाकारलं होतं. मग मगोने राहायचं कशासाठी? विलीनीकरणाला मत देणाऱ्या लाखभर लोकांनी कुणाकडे बघायचं?

उत्तर २८ मार्चला मिळालं. विधानसभेच्या ३० पैकी १६ जागा मगोने जिंकल्या आणि भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री झाले. लोकांनी दोन प्रश्न वेगळे ठेवले होते. गोवा वेगळा हवा, पण कारभार भाऊसाहेबांचा हवा. कुळांना संरक्षण आणि गावोगावी शाळा, हे काम लोक विसरले नव्हते.

१९७२ लाही मगोच जिंकला. १२ ऑगस्ट १९७३ ला भाऊसाहेब गेले, तेव्हाही ते मुख्यमंत्रीच होते. त्यांच्यानंतर त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या.

पण कौलाने गोव्याचा प्रश्न अर्धाच सोडवला होता. महाराष्ट्रात जायचं नाही, एवढंच ठरलं. स्वतंत्र राज्य हा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच. तो प्रश्न सुटायला आणखी २० वर्षं गेली. ३० मे १९८७ ला गोवा राज्य झालं.