जॉन वेस्ली

जॉन वेस्ली (२८ जून १७०३, जुन्या कालगणनेनुसार १७ जून – २ मार्च १७९१) हे इंग्लंडमधील अँग्लिकन धर्मोपदेशक आणि मेथडिस्ट चळवळीचे प्रमुख संस्थापक होते. जुगार, मद्य, तंबाखू, शस्त्रास्त्रे अशा अपायकारक उद्योगांत पैसा न गुंतवणाऱ्या आजच्या नैतिक गुंतवणूक निधींची वैचारिक पाळेमुळे अनेक अभ्यासक त्यांच्या ‘पैशाचा विनियोग’ या प्रवचनात शोधतात.

जीवन

वेस्ली यांचा जन्म लिंकनशायर परगण्यातील एपवर्थ येथे झाला. त्यांचे वडील सॅम्युएल हे तेथील धर्मोपदेशक होते. १७०५ मध्ये कर्जापायी त्यांना लिंकनच्या तुरुंगात राहावे लागले. जॉन यांचे उच्च शिक्षण ऑक्सफर्ड येथे झाले आणि १७२६ मध्ये ते तेथील लिंकन महाविद्यालयाचे फेलो झाले. १७३५ मध्ये ते अमेरिकेतील जॉर्जिया वसाहतीत गेले व १७३८ मध्ये मायदेशी परतले. १७३९ पासून त्यांनी ब्रिस्टल परिसरातील खाणकामगारांपुढे उघड्यावर प्रवचने देण्यास आरंभ केला. पुढील अर्धशतक त्यांनी घोड्यावरून देशभर प्रवास करून प्रचार केला.

पैशाविषयीचे विचार

‘पैशाचा विनियोग’ हे प्रवचन १७६० मध्ये छापले गेले. कमाई करावी, काटकसर करावी आणि उरलेले दान करावे, असे त्याचे तीन नियम आहेत. त्यांतील पहिल्या नियमाला वेस्ली यांनी कडक मर्यादा घातल्या. स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या शरीराला, मालमत्तेला अथवा आत्म्याला इजा करून मिळवलेला पैसा त्यांनी त्याज्य ठरवला. शिसे वितळवण्यासारखी आरोग्याला घातक कामे, जुगार, गहाणवटीचा धंदा आणि औषधी उपयोगाव्यतिरिक्त कडक दारूची विक्री यांचा त्यांनी नावानिशी निषेध केला. शेजाऱ्याचा व्यापार बुडवण्यासाठी बाजारभावापेक्षा कमी दराने माल विकणेही त्यांना अमान्य होते. अशा मिळकतीतून केलेल्या दानाने मूळचा दोष धुऊन निघत नाही, अशी त्यांची भूमिका होती.

गहाणवटीला विरोध करताना गरिबांची कर्जाची गरज त्यांनी नाकारली नाही. १७४६ मध्ये त्यांनी लंडनमध्ये वर्गणीतून कर्जनिधी उभारला. त्यातून एका वेळी २० शिलिंग दिले जात व ते तीन महिन्यांत आठवड्याच्या हप्त्यांनी फेडायचे असत. पहिल्या दीड वर्षात २५५ जणांना त्याचा लाभ झाला.

१७७४ मध्ये त्यांनी गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका प्रसिद्ध केली. गुलामांची ने-आण करणारे कप्तानच नव्हे, तर या व्यवहाराला पैसा पुरवणारे व्यापारी आणि मळेवालेही दोषी आहेत, असे त्यांनी त्यात मांडले.

उत्तरायुष्य

कष्ट व काटकसर यांमुळे त्यांचे अनेक अनुयायी सधन झाले. मात्र ते पहिले दोन नियम पाळतात आणि तिसरा विसरतात, ही खंत वेस्ली यांनी १७८९ च्या एका प्रवचनात व्यक्त केली. मृत्यूच्या काही दिवस आधी त्यांनी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणारे खासदार विल्यम विल्बरफोर्स यांना पत्र लिहून धीर दिला. लंडन येथे त्यांचे निधन झाले.

प्रभाव

१९७१ मध्ये, व्हिएतनाम युद्धाच्या काळात, अमेरिकेतील युनायटेड मेथडिस्ट चर्चशी संबंधित लूथर टायसन व जॅक कॉर्बेट यांनी पॅक्स वर्ल्ड फंड हा म्युच्युअल फंड सुरू केला. शस्त्रनिर्मिती, मद्य, तंबाखू आणि जुगार या क्षेत्रांतील कंपन्या त्यातून वगळण्यात आल्या. तरीही वेस्ली यांचे विचार आणि आधुनिक निधी यांत महत्त्वाचा फरक आहे. असे निधी नुकसानकारक उद्योग टाळून संपत्ती वाढवू पाहतात. वेस्ली यांना मात्र गरजेपलीकडचा पैसा तिजोरीत किंवा बँक ऑफ इंग्लंडमध्ये साठवणेही मान्य नव्हते. तो गरजूंपर्यंत पोहोचलाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.