भंगारातून आकाशात : रिचर्ड शटलवर्थ

आमच्या मळ्यात विहिरीवर एक डिझेल इंजिन होतं. हँडल मारून सुरू करायचं. आजोबांशिवाय ते कुणाला नीट सुरू करता यायचं नाही. इलेक्ट्रिक मोटार आली आणि ते छपरात जाऊन पडलं. सेकंड इयरच्या सुट्टीत, आपण आता मेकॅनिकलवाले या ऐटीत, मी ते उघडलं. उघडलं, पण परत बसवता आलं नाही. नट एका डब्यात, बोल्ट दुसऱ्यात, पिस्टन रिंग काढताना तुटलेली आणि कुठला पार्ट कुठून काढला याची एका ओळीची नोंद नाही. सुट्टी संपली, मी हॉस्टेलवर आलो, मागून पाऊस आला. दिवाळीत घरी गेलो तर वडिलांनी भंगारवाल्याला बोलावलेलं. काट्यावर सिलिंडर मीच चढवून दिला. आजोबा ओट्यावर बसून बघत होते. काही बोलले नाहीत.

हे इथे का सांगतोय? थर्ड इयरला सेमिनारसाठी मला जुनी रोटरी इंजिनं हा विषय मिळाला. (वांकेल नव्हे. ते वेगळं.) पहिल्या महायुद्धातल्या विमानांचं हे इंजिन म्हणजे आपल्या सगळ्या शिक्षणाची चेष्टाच आहे. यात क्रँकशाफ्ट स्थिर असतो, विमानाच्या सांगाड्याला पक्का बोल्ट केलेला, आणि सिलिंडर्स पंख्यासकट त्याच्याभोवती गरागरा फिरतात. थंड करायला वेगळं काही लागत नाही, फिरता फिरताच वारा मिळतो. ल्युब्रिकेशनला चक्क एरंडेल तेल, कारण ते पेट्रोलमध्ये सहजी मिसळत नाही. तेल एकदा आत गेलं की परत टाकीत येत नाही, जळकं होऊन वैमानिकाच्या तोंडावर उडतं. लहानपणी आजीने एरंडेल पाजलेल्यांना त्या वैमानिकांचे पुढचे हाल सांगायला नकोत! असं इंजिन आज चालू स्थितीत कुठे आहे, हे शोधता शोधता मी इंग्लंडमधल्या बेडफर्डशर परगण्यातल्या ओल्ड वॉर्डन नावाच्या गावी पोहोचलो, म्हणजे लायब्ररीत बसूनच. आणि तिथे भेटला रिचर्ड ऑर्मंड शटलवर्थ. खरं तर आदरार्थी लिहायला हवं, पण एकतिसाव्या वर्षी गेलेल्या माणसाला अहोजाहो करायला जीभ वळत नाही.

रिचर्डचा जन्म 16 जुलै 1909 चा. त्यानंतर बरोबर नऊ दिवसांनी, 25 जुलैला, लुई ब्लेरिओने विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली. पुढे याच बाळाने त्याच ब्लेरिओ-11 जातीचं एक मोडकं विमान मिळवून ते उडतं केलं, ते नंतर येईलच.

घर श्रीमंत. आजोबा जोसेफ शटलवर्थ यांनी 1842 साली लिंकन शहरात नॅथानिएल क्लेटन यांच्याबरोबर क्लेटन अँड शटलवर्थ ही कंपनी काढली. वाफेची इंजिनं आणि मळणीयंत्रं बनवणारी ती मोठी कंपनी झाली. त्यातून ओल्ड वॉर्डनची जमीन, वाडा, शेती असा पसारा उभा राहिला. पहिल्या महायुद्धात याच कंपनीने लढाऊ विमानं बनवली. सॉपविथ ट्रिपलेन चाळीसहून जास्त आणि सॉपविथ कॅमल शेकडो! मळणीयंत्रवाल्यांनी लढाऊ विमानं बनवावीत, हे आजच्या प्रोडक्शनवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

रिचर्ड चार वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा वडील, कर्नल फ्रँक शटलवर्थ, वारले. एकुलता एक मुलगा. आई डोरोथी ही त्याच गावच्या पाद्रीसाहेबांची मुलगी. मुलाला तिने एटनच्या शाळेत घातलं, पुढे तो लष्करात घोडदळात गेला. अभ्यासात त्याने काय दिवे लावले ते मी शोधलं नाही आणि शोधायची गरजही वाटली नाही. त्याचं लक्ष होतं यंत्रात. त्यातही जुन्या यंत्रात. विशीच्या आतबाहेर असतानाच त्याने 1898 ची पॅनहार्ड लव्हासोर मोटार मिळवली आणि ती चालवली. चालवली हे महत्त्वाचं. काचेच्या मागे ठेवून पाटी लावायला त्याला काही नको होतं.

1932 मध्ये, तेविसाव्या वर्षाच्या आसपास, इस्टेट त्याच्या हाती आली आणि त्याच साली त्याने पहिलं विमान घेतलं, डी हॅविलँड मॉथ. ते सेकंडहँड होतं आणि आजही त्याच गावच्या धावपट्टीवर आहे. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 1933 मध्ये, रिचर्ड आणि त्याचा मित्र जॉर्ज स्टेड कॉम्पर स्विफ्ट जातीची दोन चिमुकली एकासनी विमानं घेऊन इंग्लंडहून थेट आपल्या दिल्लीला आले! व्हाइसरॉय चषकाची विमानशर्यत होती. 75 हॉर्सपॉवरचं पॉब्जॉय इंजिन, रेडिओ नाही. आपण रिझर्वेशन नसेल तर सोलापूरला जायला का कू करतो. त्याच शर्यतीत सिलचरचे चहामळेवाले अल्बान अली यांचंही एक कॉम्पर स्विफ्ट होतं. त्याचं नाव स्कार्लेट एंजल. मजा अशी की ते विमान पुढे फिरत फिरत ओल्ड वॉर्डनच्याच संग्रहात जाऊन पोहोचलं.

इथवर वाचून मला रिचर्डचा थोडा रागच आला होता. बापाचा पैसा, रेसिंग कार, विमानं... यात कौतुक ते काय? रेसिंगमध्ये तो साधासुधा नव्हता हेही खरं. ऑक्टोबर 1935 मध्ये डॉनिंग्टनची पहिली ग्रां प्री त्याने अल्फा रोमिओ घेऊन जिंकली. लगेच 1 जानेवारी 1936 ला दक्षिण आफ्रिकेत ईस्ट लंडन इथल्या शर्यतीत गाडी उलटली, डोक्याला जबर मार बसला. त्यानंतर शर्यती संपल्या.

पण त्याच सुमारास चालू असलेलं दुसरं काम वाचलं आणि माझा राग ओसरला. ए. ई. ग्रिमर नावाच्या गृहस्थांकडे एक 1909 चं ब्लेरिओ आणि एक 1910 चं डेपेर्ड्युसां अशी दोन विमानं पडून होती. ब्लेरिओ हेंडनच्या उड्डाणशाळेत शिकाऊ मुलांनी वापरून 1912 मध्ये आदळलेलं, मग लंडनच्या ब्लॅकफ्रायर्सला रेल्वेपुलाखाली टाकून दिलेलं. 1914 साली ग्रिमरनी ते उचलून दुरुस्त केलं, स्वतः उडवलं, नंतर बाजूला ठेवलं. 1935 मध्ये ही दोन्ही विमानं रिचर्डकडे आली. त्या काळी ती कुणाला नको होती, हे लक्षात घ्या. पंचवीस-सव्वीस वर्षांचं विमान म्हणजे तेव्हा वारसा नव्हता, अडगळ होती. विमानं इतक्या वेगाने सुधारत होती की दहा वर्षांपूर्वीचं विमान दाखवलं तरी लोक हसायचे. जुनं फर्निचर जपतात, जुन्या मूर्ती जपतात, पण कालचं यंत्र कुणी जपत नाही. आमच्या छपरातल्या इंजिनाचं तेच झालं. रिचर्डने आपली माणसं लावून, स्वतः हात काळे करून दोन्ही विमानं उडती केली. ब्लेरिओचं तीन सिलिंडरचं, 25 हॉर्सपॉवरचं अंझानी इंजिनही आपलं मूळचंच.

आता लष्करी विमानाची गोष्ट. पहिल्या महायुद्धात 1916 पासून सॉपविथ पप नावाचं एक छोटं, हलकं लढाऊ विमान होतं. चालत्या जहाजावर पहिल्यांदा विमान उतरलं ते हेच, 2 ऑगस्ट 1917 रोजी. उतरवणारा एडविन डनिंग पाचच दिवसांनी पुन्हा उतरवताना गेला. महायुद्ध संपल्यावर कंपनीने पपचंच दोन माणसांचं, हौशी गिऱ्हाइकांसाठीचं रूप काढलं, त्याचं नाव डव्ह. शांततेचं कबुतर. एकूण दहा बनली. 1936 मध्ये रिचर्डने त्यातलं एक घेतलं आणि उलटा प्रवास केला, म्हणजे कबुतराचा पुन्हा लढवय्या केला. दोन सीटचं एक केलं, पप जसं होतं तसं बांधलं. पुढे 80 हॉर्सपॉवरचं ल रोन रोटरी इंजिन, तेच ते गरागरा फिरणारं. 1938 मध्ये ते पप म्हणून उडालं. माझ्या सेमिनारला ज्याचा फोटो आहे ते हेच.

हे इंजिन उडवणंसुद्धा एक कसरत आहे. आपल्या स्कूटरसारखा सरळ थ्रॉटल नाही. हवा आणि पेट्रोल यांच्या दोन वेगळ्या दांड्या, त्यांचं प्रमाण हाताने जुळवायचं. उतरताना वेग कमी करायचा तर कंट्रोल स्टिकवरचं बटण दाबून इग्निशन तोडायचं, सोडलं की पुन्हा भडकतं. एवढं वजन पुढे फिरतंय म्हटल्यावर जायरोस्कोपिक कपल येणारच. थिअरी ऑफ मशीन्सच्या पेपरात आपण जे पाच मार्कांसाठी पाठ करतो, ते इथे वैमानिकाच्या हाताला जाणवतं. हे ज्ञान पुस्तकात टिकत नाही. इंजिन बंद पडून एक पिढी गेली, की त्याला चालवणारा हातही गेला. माझ्या मते रिचर्डने जपलं ते हे. लाकूड-कापड तर म्युझियमवालेही जपतात.

दुसरं महायुद्ध सुरू झालं. रिचर्ड आरएएफमध्ये दाखल झाला. 2 ऑगस्ट 1940 च्या रात्री बेन्सनच्या तळाजवळ प्रशिक्षणाच्या उड्डाणात त्याचं फेअरी बॅटल विमान कोसळलं. एकतीस वर्षं आणि अडीच आठवडे. लग्न झालेलं नव्हतं. शटलवर्थांचं घराणं तिथे थांबलं.

पुढचं सगळं आईचं. डोरोथीबाईंनी वाडा जखमी वैमानिकांना बरं होईपर्यंत राहायला दिला. 1944 मध्ये इस्टेट मुलाच्या नावाच्या ट्रस्टला देऊन टाकली, शेतीच्या आणि विमानविद्येच्या शिक्षणासाठी. मुलाला ज्या छंदाने नेलं त्या छंदाला तिने जमीन दिली. मला हा निर्णय आजही नीट समजत नाही. माझी आई असती तर सगळी विमानं त्याच दिवशी विकली असती. 1963 पासून संग्रह लोकांना बघायला खुला झाला. त्या 1968 मध्ये वारल्या.

पण पैसा आणि जमीन याने विमान उडत नाही. ती उडतात माणसांमुळे. पगारी इंजिनिअर आहेतच, पण त्यांच्याबरोबर हौसेने येणारे स्वयंसेवक आहेत. कुणी निवृत्त फिटर, कुणी शिक्षक, कुणी ऑफिसातला, सुट्टीच्या दिवशी येऊन पंखाच्या सांगाड्यावर लिननचं कापड चढवणारे. आपल्या कामाची दोन उदाहरणं. इंग्लंडमधल्या लफबरोच्या टेक्निकल कॉलेजात, म्हणजे आपल्यासारख्याच पोरांना शिकवायला, दोन खरी लढाऊ विमानं ठेवलेली होती, एक स्पिटफायर आणि एक सी हरिकेन. 1961 मध्ये ती ओल्ड वॉर्डनला आली. सी हरिकेन पोरांनी आणि काळाने चांगलंच खिळखिळं केलेलं होतं. 1986 मध्ये डक्सफर्ड इथे स्वयंसेवकांनी ते हाती घेतलं आणि सप्टेंबर 1995 मध्ये ते उडालं. नऊ वर्षं! म्हणजे दोन डिग्र्या आणि एक केटी. रिव्हेट न् रिव्हेट काढायचा, तपासायचा, नोंदवायचा, मग पुढचा.

दुसरं उदाहरण यॉर्कशरमधलं. नॉर्दर्न एरोप्लेन वर्कशॉप्स या नावाने हौशी लोकांनी 1973 पासून मूळ ड्रॉइंगवरून एक सॉपविथ ट्रिपलेन बांधायला घेतलं. 1990 मध्ये ते ओल्ड वॉर्डनला दिलं, 1992 मध्ये ते उडालं. म्हातारे टॉमस सॉपविथ स्वतः तेव्हा काम चालू असेपर्यंत हयात होते. हे काम इतकं अस्सल आहे की याला नक्कल म्हणू नका, माझ्या कारखान्यातलं उशिरा आलेलं विमान म्हणा, असा निर्वाळा त्यांनी दिला. मग त्याच मंडळींनी सॉपविथ कॅमल बांधलं, ते 2017 मध्ये उडालं. ट्रिपलेन आणि कॅमल. रिचर्डच्या आजोबांच्या कंपनीने जी दोन बनवली, तीच.

एक शंका मात्र राहतेच. शंभर वर्षांचं मूळ इंजिन चालवायचं म्हणजे ते झिजणार, आणि एखाद्या दिवशी विमान पडलंच तर जगातलं ते एकमेव जाणार. मग ठेवावं की चालवावं? व्हायव्हाला मला सरांनी हेच विचारलं. ओल्ड वॉर्डनवाल्यांनी मधला मार्ग काढलाय. ब्लेरिओ अजून बाहेर काढतात, पण संध्याकाळी वारा पडला तरच, आणि धावपट्टीवरून थोडंसं उचलून लगेच उतरवतात. मी सरांना हेच सांगितलं. सर म्हणाले की ठीक आहे, पण तू असतास तर? मला उत्तर सुचलं नाही. मार्क बरे दिले.

आमच्या इंजिनाचं एक हँडल मात्र भंगारात गेलं नव्हतं. ते आजोबांनी आधीच उचलून खोलीत नेलं होतं. या उन्हाळ्यात शेजारच्या मळ्यातले तात्या त्यांचं पडलेलं इंजिन उघडायला देणार आहेत, त्याच कंपनीचं, त्याच मापाचं. मी आत्तापासून एक दोनशे पानी वही आणि शंभर दोरे-चिठ्ठ्या आणून ठेवल्यात. फोनवर आजोबांना सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं की रिंग कशी काढायची ते या खेपेला आधी विचारणार का.