कूळ, जात आणि मज्जेची जुळणी

तुळजापूरच्या भवानीपुढे महाराष्ट्रातील नाना जातींची आणि नाना आडनावांची माणसे नतमस्तक होतात. कुलस्वामिनी एक असली, तरी या सर्वांमध्ये बेटीव्यवहार होतो असे नाही. मग ही माणसे परस्परांची कोण? हा प्रश्न इरावती कर्वे यांनी आयुष्यभर शास्त्रीय शिस्तीने विचारला. त्या १९७० मध्ये निवर्तल्या. परंतु रक्ताच्या कर्करोगाने किंवा थॅलसेमियाने ग्रासलेल्या मुलासाठी मज्जादाता शोधणाऱ्या आईबापांपुढे तोच प्रश्न आज जीवनमरणाचा होऊन उभा राहतो.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात झाला. तेथील इरावती नदीचे नाव त्यांना मिळाले. शिक्षणासाठी त्या लहानपणीच पुण्यास आल्या, हुजूरपागेत शिकल्या आणि रँग्लर परांजपे यांच्या घरात वाढल्या. पुढे मुंबईस घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहिला. महर्षी कर्वे यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. उच्च शिक्षणासाठी जर्मनीस जाण्याचा त्यांचा बेत महर्षींना पसंत नव्हता. पतीने मात्र साथ दिली आणि १९२८ मध्ये त्या बर्लिनला पोहोचल्या.

तेथे त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. वंशावंशांत श्रेष्ठकनिष्ठ भाव मानणारे हे गृहस्थ पुढे नाझी वंशधोरणाचे समर्थक ठरले. कवटीच्या दोन बाजूंमधील असमानता वंशानुसार बदलते काय, हे तपासण्याचे काम इरावतीबाईंकडे आले. त्यांनी कवट्या मोजल्या आणि वंशाचा व या असमानतेचा संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष मांडला. गुरूच्या अपेक्षेपेक्षा मोजमापाला प्रमाण मानण्याचे हे धैर्य एका परदेशी विद्यार्थिनीने दाखवले, हे विसरता येत नाही.

मायदेशी परतल्यावर १९३९ पासून पुण्याचे डेक्कन कॉलेज ही त्यांची कर्मभूमी झाली. महाराष्ट्रातील गावोगाव हिंडून त्यांनी निरनिराळ्या जातींच्या लोकांची शारीरिक मोजमापे घेतली. १९५३ च्या त्यांच्या नातेसंबंधांवरील ग्रंथाने भारताचे विवाहपद्धतींनुसार विभाग पाडले. उत्तरेत जवळच्या नात्यात विवाह निषिद्ध, दक्षिणेत तो इष्ट, आणि मामाच्या मुलीशी लग्न मान्य करणारा महाराष्ट्र या दोहोंच्या मधला, असे त्यांनी दाखवले. जात म्हणजे आपसांत विवाह करणारे विस्तारलेले आप्तमंडळ, हे त्यांच्या विचाराचे सूत्र होते. एका जातीचे तुकडे पडून पोटजाती झाल्या, हे घुर्ये यांचे मत त्यांनी स्वीकारले नाही. १९६८ मध्ये कैलाश मल्होत्रा यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण गटांची जैविक तुलना प्रसिद्ध केली. सामाजिक पायरी एक असूनही हे गट शरीरदृष्ट्या एकजिनसी नाहीत, असे तीत आढळले.

त्याच वर्षी अमेरिकेत जुळणाऱ्या भावंडाची मज्जा देऊन पहिले यशस्वी रोपण झाले. भारतात ही शस्त्रविद्या १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात अवतरली. या उपचारात रक्तगट जुळण्यापेक्षा एचएलए नावाची जनुके जुळणे महत्त्वाचे असते. त्यांचा एक संच पित्याकडून आणि एक मातेकडून येतो. म्हणून सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. आईबाप बहुधा निम्मेच जुळतात. कूळ पित्याच्या बाजूने मोजले जाते, मज्जा मात्र मातृकुळालाही तितकेच मानते. जवळच्या नात्यातील विवाह पिढ्यान्‌पिढ्या होत आलेल्या घराण्यात चुलत-मामे नातलगांतही दाता सापडण्याचा संभव वाढतो. अलीकडे निम्म्या जुळणीवरही रोपणे होऊ लागली आहेत. तरी पूर्ण जुळणीचे मोल कमी झालेले नाही.

घरात दाता न मिळाल्यास स्वेच्छादात्यांच्या नोंदवहीकडे वळावे लागते. तेथे आपल्याच विवाहमंडळातील कोणी नोंदलेले असेल, तर जुळणीची आशा अधिक. भारताच्या लोकसंख्येच्या मानाने नोंदलेले दाते फारच थोडे आहेत. ही नोंदणी शहरांपुरती व मोजक्या समाजांपुरती राहिली, तर मराठवाड्यातील एखाद्या लहान भटक्या जमातीच्या मुलाला ती रिकामीच सापडेल. गालाच्या आतून घेतलेला नमुना नोंदणीस पुरतो. खर्चापेक्षा अनास्था मोठी आहे. महाविद्यालये, शाळा आणि कचेऱ्या यांनी हे काम अंगावर घेतले, तर ते अवघड नाही.

जातींमधील जैविक भेद हा श्रेष्ठत्वाचा पुरावा नाही. कोणी कोणाशी लग्ने केली, याचा तो इतिहास आहे. इरावतीबाईंनी बर्लिनमध्ये आणि महाराष्ट्रात जे मोजले, त्याचा अर्थ हाच. या इतिहासाचे ओझे आजारी मुलावर पडू नये, असे वाटत असेल, तर नोंदवहीत प्रत्येक जातीजमातीचे नाव आले पाहिजे. भवानीच्या पायरीवर ज्यांना मज्जाव नाही, त्यांच्यापैकी कोणीही त्या वहीबाहेर राहता कामा नये.