वेदनेचे औषध आणि संत मार्क



चीनच्या १२० रक्तसाक्ष्यांमध्ये एक डॉक्टर आहेत. त्यांचे नाव संत मार्क जी तिआनशिआंग. (‘जी’ हे त्यांचे आडनाव आहे, आदरार्थी ‘जी’ नव्हे.) मरणापूर्वीची तीस वर्षे त्यांना पापक्षमा मिळाली नव्हती, पवित्र कम्युनियनही नाही. कारण होते अफूचे व्यसन.

मार्क यांचा जन्म १८३४ साली उत्तर चीनमधील एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. ते डॉक्टर झाले. गोरगरिबांना ते फुकट औषध देत. गावात त्यांना मान होता. पुढे त्यांना पोटाचा आजार जडला आणि त्यांनी स्वतःवर अफूचा उपचार केला. वेदनेवर अफू देणे तेव्हा रूढ होते. चीनमध्ये ती मुबलक मिळे. माळव्यातली अफू आपल्या मुंबई बंदरातूनच तिकडे जात असे. औषध म्हणून घेतलेली अफू मार्क यांना सुटेना.

ते पुन्हा पुन्हा प्रायश्चित्त संस्कारासाठी गेले. कबुली दर वेळी तीच. अखेर धर्मगुरूंना वाटले की, हा पश्चात्ताप खरा नाही. अफू सुटेपर्यंत पापक्षमा नाही, असे त्यांनी सांगितले. व्यसन हा आजार आहे, ही समज तेव्हा नव्हती. मार्क यांनी अपमान सोसला, पण श्रद्धा सोडली नाही. अफूही शेवटपर्यंत सुटली नाही.

१९०० साली बॉक्सर बंडात ख्रिस्ती लोकांची कत्तल सुरू झाली. मार्क यांना मुलगा, सुना आणि नातवंडांसह पकडण्यात आले. घरातले कोणी एकटे मरू नये म्हणून आपल्याला सर्वांत शेवटी मारावे, अशी विनंती त्यांनी केली. पवित्र मरियेची लितानी गात ते ७ जुलै रोजी मरणाला सामोरे गेले. १ ऑक्टोबर २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना संतपद दिले.

इच्छा असणे आणि शक्ती असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मार्क यांची इच्छा खरी होती. शक्ती आजाराने हिरावली होती. जिथे स्वातंत्र्य कमी होते, तिथे दोषही कमी होतो, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. कंबरदुखी असो वा ऑपरेशननंतरचे दुखणे, डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी लिहिलेली गोळी कधी वर्षानुवर्षे चालू राहते. ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्या शरीरावर अफूसारखाच परिणाम करतात. म्हणून २०१८ साली सरकारने ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले. गोळी चुकली की अंग मोडून येते, घाम सुटतो, झोप उडते. अशा वेळी मनाने गोळी एकदम बंद करू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती हळूहळू कमी करता येते. मात्र कॅन्सरसारख्या तीव्र वेदनेत डॉक्टरांनी दिलेले मॉर्फीन घ्यायला घाबरू नये.

मार्क यांना न मिळालेली मदत आज मिळू शकते. फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याच्या माऊंट कार्मेल चर्चमध्ये कृपा फाउंडेशन सुरू केले. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे. व्यसनातून बाहेर आलेली माणसे तिथे इतरांना हात देतात.

आपल्या घरात असे कोणी असेल तर त्याला टोमणे मारू नका, गोळ्या लपवून भांडणही करू नका. त्याच्यासोबत डॉक्टरांकडे जा. आणि जो स्वतः या त्रासात आहे, त्याने पापनिवेदनाला अवश्य यावे. पन्नासाव्यांदा तीच कबुली द्यावी लागली तरी यावे.